सातच्या पोटातली रेघ

आमच्या मोटारीचे सात मालक झाले आणि त्यातला एकही धड नव्हता. हे मी चेष्टेने म्हणत नाही, कागदपत्रांच्या आधाराने म्हणते. मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधणं हा माझा धंदा, त्यामुळे आधार नसलेलं वाक्य मला खपत नाही.

पहिला मालक हातमोजे बनवणाऱ्याचा मुलगा. बापाचा धंदा जोरात होता म्हणून पोराला शर्यतीची हौस सुचली. त्याने फ्रान्समधल्या एका लहानशा कारखान्यातून ही निळी, दोन माणसं कशीबशी मावतील अशी मोटार बनवून घेतली. असल्या चौदा मोटारी बनवून तो कारखाना बंद पडला. पोरगा तीन शर्यतींत उतरला. पहिल्या दोन अर्ध्यावर सोडल्या आणि तिसरीत चौथा आला. धावत होते पाच, आणि पाचवा खड्ड्यात होता.

दुसरा दातांचा डॉक्टर. तो रोग्यांच्या घरी हिच्यातून जायचा, आणि गल्लीच्या तोंडाशी हिचा आवाज आला की रोग्याचा दात दुखायचा थांबायचा, असं त्याच्या नातीने मला पत्रात लिहिलंय. तिसरा या डॉक्टरचा मेहुणा. युद्ध लागल्यावर त्याने मोटार कोठारात उभी केली, पुढे भिंत बांधून घेतली, आणि भिंतीमागे काय आहे हे घरात कुणालाही न सांगता मरून गेला. नऊ वर्षांनी ते कोठार घेतलेल्या दोन भावांनी भिंत पाडली. या दोघांना मी एकच मालक धरते, कारण दोघांत मिळून डोकं एकच होतं आणि तेही तापट. त्यांचा आपसात अबोला. एक आठवडा हा चालवणार, एक आठवडा तो, आणि बोलणं सीटवर चिठ्ठी ठेवून. त्यातली एक चिठ्ठी माझ्याकडे आहे: ‘ब्रेक बघ, गाढवा.’

पाचवा जहाजावरचा इंजिनिअर, आमच्याच गावचा. त्याने मोटार सुटी केली, ‘पाण्याच्या पंपाचे भाग’ असं लिहिलेल्या नऊ खोक्यांत भरून इकडे आणली, निम्मी जोडली आणि वारला. सहावी त्याची बायको. तिने सीटवर कोंबड्या बसवल्या.

सातवे माझे बाबा.

बाबा पत्रेकाम करायचे. चेपलेल्या मोटारी ठोकून सरळ करायच्या, कुठे चेपली होती ते मालकालाही सांगता येऊ नये अशा. इंजिनिअरच्या बायकोकडे ते खुराड्याचं गळकं छप्पर बदलायला गेले होते. परत आले तेव्हा चेहरा असा की आईने विचारलं, “कुणाच्या प्रेमात पडून आलात?” पैशाचा विषय निघालाच नाही. नव्या छपराच्या बदल्यात मोटार. बाईने कागदाच्या कपट्यावर लिहून दिलं: ‘जुनी निळी मोटार, चालत नाही, दिली.’ तो कपटा पुढे आमच्या मुळावर येणार होता, पण त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. आईने मोटारीला पहिल्याच दिवशी सवत म्हटलं आणि शेवटपर्यंत तिच्याशी तशीच वागली.

घराला लागून बाबांची शेड आहे. तिथे रोजची कामं संपली की ते हिच्याकडे वळायचे. पत्र्याचा एकेक तुकडा लाकडी ठोकळ्यावर ठोकून त्यांनी तिचं शेपूट नव्याने घडवलं. मी तेव्हा कॉलेजात होते. एक वर्ष फ्रेंचच्या वर्गाला गेले होते, तेवढ्या भांडवलावर मी जगभर पत्रं पाठवत सुटले. कोण होता मालक, कुणाला दिली, का दिली. उत्तरं यायची आणि मी ती बाबांना हातातलं काम न थांबवता ऐकवायची. बाबांना फ्रेंच सोडा, इंग्रजीही जेमतेम. येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे, “आमची पोरगी फ्रेंच वाचते.” जणू मी विमान चालवत होते.

असल्या जुन्या शर्यतीच्या मोटारींची एक नोंदवही असते. परदेशातली एक संस्था ती ठेवते आणि दर दहा वर्षांनी छापते. प्रत्येक मोटारीला एक पान. वर चासीवरचा नंबर, म्हणजे मोटारीच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला, आणि खाली पहिल्यापासून आजपर्यंतचे मालक. बाबांनी एका ग्रंथालयात ही वही पाहिली होती. आमच्या मोटारीचं पान त्यात नव्हतं. त्या दिवसापासून त्यांची एकच इच्छा होती. ते मोठ्याने काही मागणारे गृहस्थ नव्हते, पण आईला एकदा म्हणाले ते मी ऐकलं: “त्या वहीत शेवटची ओळ माझी असावी. बाकी काही नको बघ.”

चासीवरचा नंबर मात्र गंजाने खाल्ला होता. दोन, सहा, चार एवढे तीन इंग्रजी आकडे बोटाने चाचपून कळायचे. चौथ्याचा फक्त उभा पाय उरला होता, वर गंजाचा खड्डा. मी त्या बंद कारखान्याची कागदपत्रं जिथे ठेवली होती तिथे लिहिलं आणि तीन महिन्यांनी एका पानाची प्रत आली. कारकुनाच्या वळणदार हातातली एक ओळ: हातमोजेवाल्याच्या मुलाचं नाव, मोटार दिल्याची तारीख, नंबर.

त्या सकाळी बाबांनी गंजाचा खड्डा वेल्डिंगने भरला, कानशीने घासून सपाट केला आणि आकड्यांचे पोलादी ठसे ओळीने मांडले. एकटाच शेवटचा आकडा नवा मारला तर तो वेगळा उठून दिसेल, हे त्यांच्याच्याने बघवलं नसतं. म्हणून त्यांनी जुने तीनही घासून टाकले. आधी फोटो काढून ठेवावा हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

“वाच,” बाबा म्हणाले.

मी पान हातात धरून वाचलं. “दोन.” त्यांनी ठसा ठेवला, हातोडी एकदाच आपटली. “सहा.” एकच घाव. “चार.”

शेवटच्या आकड्याला वर लांबलचक तिरकी शेंडी होती.

“सात,” मी म्हटलं.

“नक्की?”

“बाबा, सात दिसतोय स्वच्छ. मी वाचतेय ना!”

त्यांनी हातोडी मारली. चारही आकडे कसे एका ओळीत, एका खोलीचे, पुस्तकात छापल्यासारखे. आम्ही दोघं बराच वेळ वाकून ते बघत राहिलो.

नंतर बाबांनी ते पान माझ्याकडून मागून घेतलं. पितळी पट्टीवर मोटार दिल्याची तारीख कोरून ती आत लावायची, असा त्यांचा बेत होता. आठवडाभराने पान परत दिलं. पट्टी कधी झाली नाही. विचारलं तर म्हणाले, हवं तसं पितळ मिळालं नाही.

मी फाइलच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत २६४७ लिहिलं आणि पान आत ठेवून दिलं. एकदा बरोबर म्हणून खूण केलेलं पान मी पुन्हा उघडत नाही. धंद्याची सवय आहे. चांगली सवय आहे, असं मी नव्या मुलींना शिकवतेसुद्धा.

त्यानंतर सव्वीस वर्षं गेली. मोटार पूर्ण झाली, चालली, आईसुद्धा एकदा तिच्यात बसून गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि उतरताना म्हणाली, “सवतीचा आवाज फार.” नोंदवहीकडे अर्ज करायचा विषय मी दरवर्षी काढायची आणि बाबा दरवर्षी म्हणायचे, “पुढल्या वर्षी पाठवू.” कधी रंग पक्का झाला नव्हता, कधी एखादा मालक पुरता सापडला नव्हता. मी ठरवून टाकलं की हा माणूस कोटटाय घालणाऱ्या लोकांना बिचकतो. मला त्यांचा रागही यायचा. स्वतःला हवी ती गोष्ट हात लांबवून घ्यायची नाही, आणि वर पुढल्या वर्षी!

गेल्या वर्षी आई गेली आणि बाबांनी अंथरूण धरलं. डोळे आधीच गेले होते, आता उजेड-अंधार एवढंच कळतं. त्यांची खाट मी पुढच्या खोलीत, शेडकडे उघडणाऱ्या दाराशी लावली. ते दार दिवसभर उघडं ठेवायचं, असा त्यांचा हुकूम. तेलाचा, पत्र्याचा वास येत राहिला की त्यांना बरं वाटतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की आता वर्षांच्या नव्हे, महिन्यांच्या भाषेत बोलूया. नोंदवहीची नवी आवृत्ती त्याच महिन्यांत निघणार होती.

मी बाबांना न विचारता अर्ज पाठवून दिला. सात मालक, एकशे चाळीस पत्रं, तो कपटा, भावांची ती चिठ्ठी, सगळं नीट लावून. पोच आल्यावर त्यांना सांगितलं.

“पाठवलंस?” ते म्हणाले.

“हो. आता पुढल्या वर्षीची भानगडच नाही.”

त्यांनी कूस बदलली. तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. मला वाटलं, आनंदाने डोळ्यांत पाणी आलं असेल आणि ते मला दाखवायचं नसेल. मला असंच वाटलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

संस्थेने तपासायला माणूस पाठवला. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग होतं, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव भिंगवाला ठेवलं. बाबांनी त्या सकाळी इस्त्रीचा शर्ट मागून घातला आणि उशीला टेकून बसले. भिंगवाल्याने त्यांचा हात हातात घेतला, मोटारीचं शेपूट कुणी घडवलं हे विचारलं, आणि बाबांनी सांगितल्यावर तो हात उलटून त्याने तळवा नीट बघितला. मग शेडमध्ये गेला. मी दार ओढून घेतलं आणि त्याच्या मागे गेले.

तो चासीशी गुडघे टेकून बसला. बॅटरी, भिंग, पुन्हा बॅटरी.

“हा नंबर कुणी मारला?”

“बाबांनी. जुना गंजला होता.”

“चारही आकडे?”

“एक नवा आणि तीन जुने वाईट दिसले असते.”

त्याने भिंग खाली सोडलं. “काम फार सुंदर आहे. तिथेच घात झाला. त्या कारखान्याचे आकडे प्यायल्यासारखे वेडेवाकडे असायचे. पण ते एक वेळ चाललं असतं. अडचण दुसरीच आहे.” तो उठून उभा राहिला. “२६४७ एका संग्रहालयात उभी आहे. मी स्वतः तपासलीय. तिचा पहिला मालक छापखानेवाला होता. हातमोजेवाल्याचा तिच्याशी काही संबंध नाही.”

मी त्याला दारापर्यंत सोडलं. तो गेल्यावर फाइल उघडली आणि सव्वीस वर्षांनी ते पान उजेडात धरलं.

मोटार दिल्याची तारीख त्याच ओळीत होती. सतरा मे. सतरातला एक आणि सतरातला सात शेजारी शेजारी उभे होते. एकाला वर लांब तिरकी शेंडी. साताला शेंडी होतीच, शिवाय पोटात एक आडवी रेघ. फ्रेंच लोक एक आणि सात तसेच काढतात. आणि नंबरातल्या शेवटच्या आकड्याच्या पोटात रेघ नव्हती. तो एक होता. आमची मोटार २६४१ होती. ती खरी होती, पहिल्या मालकापासून सातव्यापर्यंत खरी. तिच्यात खोटं फक्त एकच होतं, ते मी वाचलं होतं आणि बाबांनी माझ्या शब्दावर विसंबून ते पोलादात ठोकलं होतं. एखाद्या शिकाऊ मुलीने शेजारचा आकडा न बघता असं वाचलं असतं तर मी तिला दारातून आत घेतलं नसतं.

मी भिंगवाल्याला फोन लावला. सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“तुम्ही म्हणता ते खरं असेल,” तो म्हणाला. “मला स्वतःला ते खरं वाटतं. पण चासीवर २६४७ आहे.”

“मालक सगळे २६४१चे आहेत!”

“यादी २६४१ची आहे. ही मोटार त्या यादीतली आहे कशावरून?”

“कागद आहेत. बाईची चिठ्ठी आहे.”

“‘जुनी निळी मोटार.’ बाई, त्या कारखान्याच्या चौदाही मोटारी निळ्याच होत्या.”

“मग तो नंबर काढून बरोबर मारू?”

“तिसऱ्यांदा?” तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, “आधी एक नंबर सांगून आलेली मोटार, तो टिकला नाही म्हटल्यावर दुसरा सांगते. समितीत काय बोलतील, तुम्हीच विचार करा. तुम्ही अर्जच केला नसता तर निदान प्रश्न उघडा राहिला असता.”

मी तरीही नऊ पानांचं पत्र लिहिलं. काना-मात्रा चुकलेला नव्हता. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, एकाच पानाचं. अर्ज नामंजूर. चासीवरील नंबर मागाहून मारलेला असल्याने या मोटारीचा यापुढे कोणत्याही नंबराखाली विचार होणार नाही. आणि खाली एक ओळ, बहुधा भिंगवाल्याने सौजन्य म्हणून घालायला लावलेली: मी जमवलेल्या माहितीबद्दल संस्था आभारी आहे, तिच्या आधारे नव्या आवृत्तीत २६४१चं पान प्रथमच छापण्यात येईल. त्यात सहा मालक असतील. सहावी, एका जहाजावरील इंजिनिअरची पत्नी. त्यानंतर मोटार अस्तित्वात नाही.

मी पत्र घेऊन शेडमध्ये गेले. मोटार आपली उभी होती. मी तिच्या शेपटावर हात ठेवला. थंड होतं, गुळगुळीत होतं, कुठे एक जोड हाताला लागत नव्हता.

“कुणाचं पत्र?” आतून बाबांचा आवाज आला. डोळे गेल्यापासून पाकीट फाडल्याचा आवाजही ते सोडत नाहीत.

मी त्यांच्या खाटेशी जाऊन बसले. दुपारचे तीन वाजले होते. उन्हाचा पट्टा त्यांच्या पांघरुणावर पडला होता.

“संस्थेचं,” मी म्हटलं. “आलं एकदाचं.”

“वाच.”

आणि मी वाचलं. नामंजूर हा शब्द डोळ्यांसमोर होता आणि मी वाचत होते, “आपली मोटार नोंदवहीत समाविष्ट करताना संस्थेला आनंद होत आहे.” हातमोजेवाल्याच्या मुलापासून एकेक मालक सांगत आले. दोन भावांपाशी बाबा नेहमी हसायचे, त्या दिवशी हसले नाहीत. मग मी त्यांचं नाव घेतलं, संपूर्ण, आणि पुढे वाचलं, “पत्रेकाम करणारे कारागीर. यांनी ही मोटार स्वतःच्या हातांनी पुन्हा उभी केली.” आवाज कापू दिला नाही. वाचणं हा माझा धंदा आहे.

बाबांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

“नंबर काय लिहिलाय?”

“दोन, सहा, चार,” मी म्हटलं. “सात.”

“सातच्या पोटात रेघ आहे का गं?”

पितळी पट्टी माझ्या डोळ्यांपुढे आली, न झालेली. तिच्यावर सतरा तारीख कोरायची होती. त्यासाठी त्यांनी आठवडाभर ते पान समोर ठेवलं होतं, आणि दुसऱ्याचं वळण हुबेहूब उतरवायचं म्हणजे ते एकेका रेघेकडे भिंग लावून बघत असणार. त्यांना त्याच आठवड्यात कळलं होतं. पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी म्हणत सव्वीस वर्षं त्यांनी ते दडवून ठेवलं. कोटटायवाल्यांना ते घाबरत नव्हते. त्या वहीतली ओळ त्यांनी आपल्या हाताने सोडून दिली होती, फ्रेंच वाचणाऱ्या पोरीसाठी. आणि मी ती चूक उघडी पडेल अशी सोय स्वतः जाऊन, तिकिटं लावून केली.

मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवून ओरडून रडायचं होतं. पण त्यांनी प्रश्न विचारला होता आणि उत्तराची वाट बघत होते.

“आहे,” मी म्हटलं. “चांगली ठळक आहे.”

“मग बरं.” त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि त्यावर दोनदा थोपटलं. “छान वाचतेस. तू पहिल्यापासूनच छान वाचतेस.”

मी पत्राची घडी घातली. ती नीट बसेना, पुन्हा घातली.

“आता ते शेडचं दार लावून घे,” बाबा म्हणाले. “वारा येतो.”

बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. मी उठले आणि दार लावून घेतलं.